कापडात कोण उरतं? : डोंगरी, खामगाव आणि टपालानं फिरणारी एक पँट

आजचं व्याख्यान एका पँटबद्दल आहे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे काहींना हे थोडं विचित्र वाटेल. पण विषय नीट उलगडला तर तो आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या दारातच येऊन उभा राहतो, असं मला वाटतं.

जगात डेनिमचे शौकीन आहेत. आपल्याकडे जुन्या नाण्यांचे, पोस्टाच्या तिकिटांचे असतात ना, तसेच. त्यांच्यात एक प्रथा आहे. एक कोरी, एकदाही न धुतलेली, खळ लावलेली कडक जीन्स घ्यायची. पहिल्या माणसानं ती काही आठवडे अंगावर वापरायची आणि मग टपालानं दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या माणसाला पाठवायची. तो माणूस ती घालून कामाला जातो, सायकल चालवतो, बाजारात जातो. आपल्या गावाचे, गल्लीचे, जेवणाच्या ताटाचे फोटो काढतो, चार ओळी लिहितो आणि पँट पुढे पाठवतो. पुष्कळदा सोबत खाऊचा एखादा पुडाही असतो. अशी ती पँट देशोदेशी फिरते. शेवटी पहिल्या माणसाकडे परत येते तेव्हा ती एकाच माणसाची राहिलेली नसते.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्याची घातलेली पँट, तीही न धुता? आपल्या घरच्या आजीनं ऐकलं असतं तर आधी तिनं त्यावर गोमूत्र शिंपडलं असतं! पण हसून झालं की विचार करू. ही माणसं एकमेकांना नेमकं काय पाठवतात? नवं कापड तर कुठल्याही दुकानात मिळतं. ती पाठवतात ते झिजलेपण.

निळा रंग आणि पांढरा गाभा

हे झिजणं समजण्यासाठी थोडं रसायन बघू. निळीचा रंग पाण्यात विरघळत नाही. तो आधी रासायनिक क्रियेनं विरघळणाऱ्या रूपात आणावा लागतो. त्या कुंडात सूत बुडवून बाहेर काढलं की ते पिवळट-हिरवं दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. डेनिमचं सूत असं पुन्हा पुन्हा बुडवतात. तरी रंग बाहेरच्या थरावरच बसतो, आतला गाभा पांढराच राहतो. शिवाय डेनिममध्ये ताण्याचे धागे निळे आणि बाण्याचे पांढरे असतात. पँट उलटी करून बघा, आतून ती पांढरट दिसेल.

म्हणून वापरताना जिथे घासलं जातं तिथे निळा थर जातो आणि पांढरा गाभा वर येतो. मांडीवर बसण्याच्या सुरकुत्या उमटतात. गुडघ्यामागे मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. खिशात पाकीट ठेवणाऱ्याच्या खिशावर पाकिटाची चौकट येते. खाली बसून काम करणारा आणि खुर्चीवर बसणारा यांच्या पँटी वेगळ्या झिजतात. पीटर स्टॅलीब्रास नावाच्या अभ्यासकानं मार्क्सच्या कोटावर एक सुंदर निबंध लिहिला आहे. हा तोच कोट, जो कार्ल मार्क्सला लंडनमध्ये वारंवार गहाण टाकावा लागे. स्टॅलीब्रास सांगतो की, एकोणिसाव्या शतकात कपडे शिवणारे आणि दुरुस्त करणारे लोक कोटाच्या कोपरावर पडणाऱ्या सुरकुत्यांना ‘आठवणी’ म्हणत. आठवण डोक्यात असते असं आपण समजतो. शिंप्याच्या लेखी ती कोपरावरही असते.

तेव्हा आजचा प्रश्न असा : कापडात कोण उरतं? कुणाची खूण राहते आणि कुणाची पुसली जाते?

नैयायिकांचं लाडकं उदाहरण

आपल्या न्यायशास्त्रात कार्यकारणभाव शिकवताना दोन उदाहरणं हमखास येतात. एक घड्याचं आणि दुसरं कापडाचं, म्हणजे पटाचं. नैयायिक म्हणतात, पटाची कारणं तीन प्रकारची. धागे हे समवायी कारण, कारण पट त्यांच्यातच राहतो. धाग्यांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण. धाग्याचा रंग हाही पटाच्या रंगाचं असमवायी कारण. आणि विणकर, माग, धोटा ही सगळी निमित्त कारणं.

यातला फरक लक्षात घ्या. धागे काढून घेतले तर कापड उरत नाही. विणकर मात्र कापड विणून घरी गेला, गाव सोडून गेला, वारला, तरी कापडाला काही होत नाही. निमित्त कारण काम झालं की बाजूला होतं. शास्त्रात हे बरोबरच आहे. इतिहासात मात्र हाच नियम माणसांना लागू झाला, आणि तिथे तो फार निष्ठुर ठरला. तो कसा, ते आपण आपल्याच जिल्ह्यात बघू. पण त्याआधी नावांकडे जरा पाहू, कारण नाव हीसुद्धा कापडावरची एक खूण आहे.

नावं कुठून आली

‘डेनिम’ हा शब्द फ्रान्समधल्या नीम शहराच्या नावावरून आला असं बहुतेक जण सांगतात. ‘जीन्स’ हा शब्द इटलीतल्या जेनोव्हा बंदराच्या नावावरून. या कापडाचा तिसरा भाऊ म्हणजे ‘डंगरी’. इंग्रजी कोशकार हा शब्द हिंदुस्थानातून आल्याचं सांगतात, आणि त्याचा संबंध मुंबईच्या डोंगरीशी जोडला जातो. जाडंभरडं, स्वस्त, टिकाऊ सुती कापड. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपियनांच्या लिखाणात त्याचे उल्लेख येतात. जहाजांवर ते वापरलं जाई. पुढे खलाशांच्या आणि कामगारांच्या कपड्यांनाच ‘डंगरीज’ म्हणू लागले. आज दुकानात लहान मुलांसाठी ‘डंगरी’ मागणाऱ्या आईला क्वचितच ठाऊक असतं की, ती मुंबईतल्या एका वस्तीचं नाव घेते आहे. आणि रंग? ‘इंडिगो’ या शब्दाच्या मुळाशी ‘हिंदुस्थानातला’ हाच अर्थ आहे.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. घोड्याच्या पाठीवर घालतात ते जीन. जाड तिरप्या विणीच्या कापडालाही जुने लोक जीन म्हणत. आणि आपल्या खामगाव-मलकापूरकडे कापसातून सरकी काढायचा कारखाना म्हणजे जिन. ‘जिनात कामाला जातो’ हे वाक्य या भागात किती पिढ्यांनी म्हटलं असेल! या शब्दांची कुळं निरनिराळी आहेत. पण जिनातून निघालेल्या रुईचीच शेवटी जीन्स होते, हा योगायोग मला आवडतो.

खामगाव, १८७०

आता आपल्या घाटाखालच्या भागात येऊ. वऱ्हाड निजामाचा मुलूख होता. १८५३ च्या तहानं त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. इथली काळी जमीन कापसाची. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई आणि तिथून नावांनी कलकत्त्याला. वाटेत पाऊस, धूळ, चोऱ्या. माल पोचेपर्यंत त्याची काय दशा होत असेल, कल्पना करा.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. गुलामांच्या श्रमावर पिकणारा तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव चढले. याच दशकात जीआयपी रेल्वे भुसावळहून मलकापूर, नांदुरा, शेगाव करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. खामगाव मुख्य मार्गापासून थोडं बाजूला राहिलं होतं. पण तिथला कापसाचा बाजार इतका मोठा की, जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे तेरा किलोमीटरचा खास फाटा टाकला गेला. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी व्हाइसरॉय! तो मान खामगावच्या माणसांचा होता की कापसाच्या गाठींचा, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

१८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला होता. १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेनं मुंबई लंडनला जोडली गेली. आता लिव्हरपूलचा व्यापारी तारेनं वऱ्हाडी कापसाची मागणी नोंदवू शकत होता आणि काही आठवड्यांत माल तिथल्या धक्क्यावर उतरत होता. स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावची फोलकार्ट ब्रदर्स ही पेढीसुद्धा खामगावात कापूस खरेदी करत असे. म्हणजे आमच्या घाटाखालच्या शेतकऱ्याची पऱ्हाटी थेट युरोपच्या बाजाराशी बांधली गेली.

याच सुमारास, २० मे १८७३ रोजी, जेकब डेव्हिस हा शिंपी आणि लेव्ही स्ट्रॉस हा कापड व्यापारी यांना अमेरिकेत तांब्याच्या रिव्हेट मारलेल्या पँटचं पेटंट मिळालं. आजच्या जीन्सचा जन्म तो. तिचं कापड अमेरिकन गिरणीतलं होतं. त्यात वऱ्हाडी कापूस होता असं मी अजिबात म्हणत नाही. मला दाखवायचं आहे ते एवढंच की, कामगाराची पँट आणि वऱ्हाडचा कापूस बाजार ही एकाच काळाची, एकाच जगड्व्याळ व्यवहाराची अपत्यं आहेत.

गाठीवरचा नंबर

त्या कापसावर कुणाची खूण होती? शेतकरी बंडी भरून कापूस बाजारात आणी, तेव्हा तो अमक्या गावच्या अमक्या पाटलाचा कापूस असे. लांबी, रंग, ओल बघून भाव ठरे. एकदा तो जिनात पडला की दहा गावांचा कापूस एकत्र होई. प्रेसमध्ये दाबला गेला की गाठ तयार होई, आणि गाठीला नाव असे ते बाजाराचं किंवा जातीचं. भेसळीच्या तक्रारी फार होत्या. बिलायतेत हिंदुस्थानी कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत आणि आखूड धाग्यासाठी त्याला नावं ठेवत. शेवटी १९२५ मध्ये जिन-प्रेस कारखान्यांसाठी कायदा झाला आणि प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणं सक्तीचं झालं. म्हणजे गाठ कुठल्या प्रेसची, हे शोधता येऊ लागलं. ती कुठल्या शेताची, हे नाही.

यात कुणी दुष्टपणे नाव पुसलं असं नाही. बाजाराला एकसारखा माल लागतो, आणि एकसारखेपणा म्हणजेच वेगळेपणा काढून टाकणं. पण त्याची किंमत कुणी मोजली? १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात या सुपीक वऱ्हाडात माणसं उपासमारीनं मेली. लक्ष्मण सत्य या इतिहासकारांनी कापूस आणि दुष्काळ यांचं वऱ्हाडातलं नातं सविस्तर मांडलं आहे. ज्वारीच्या जागी कापूस आला, धान्य विकत घ्यायची पाळी आली, आणि धान्य महागलं की हातात पैसा नाही. गाठींवरच्या खुणा नीट राहिल्या. माणसांच्या राहिल्या नाहीत.

हिंदुस्थानच्या आखूड धाग्याच्या कापसाला पुढे दुसरं मोठं गिऱ्हाईक मिळालं. ते जपान. १८९३ मध्ये टाटांच्या पुढाकारानं जपानी बोटकंपनीची मुंबई ते कोबे ही नियमित वाहतूक सुरू झाली आणि तिथल्या सूतगिरण्यांना हिंदुस्थानी कापूस जाऊ लागला. कुराशिकी शहरात १८८८ मध्ये स्थापन झालेल्या गिरणीनं १९७० च्या दशकात जपानी बनावटीचं डेनिम काढलं, आणि आज त्याच शहराचा कोजिमा हा भाग डेनिमशौकिनांची पंढरी आहे. ती टपालानं फिरणारी पँट पुष्कळदा जपानी कापडाचीच असते.

टपाल काय नेतं

आता टपालाकडे वळू. जागतिक टपाल संघ १८७४ मध्ये बर्नला स्थापन झाला आणि हिंदुस्थान १८७६ मध्ये त्यात सामील झाला. एका देशात तिकीट लावायचं आणि दुसऱ्या देशातल्या पोस्टमननं ते मान्य करून पत्र दारात टाकायचं, ही केवढी मोठी विश्वासाची व्यवस्था आहे! आपली मुलं परदेशी गेल्यापासून आपल्याकडच्या घराघराला तिचा अनुभव आहे. दिवाळीचा फराळ, मेतकूट, आणि बाळंतपण असेल तर जुन्या मऊ लुगड्याची दुपटी पार्सलनं जातात. दुपटं नव्या कापडाचं का नाही करत? आजीच्या अंगावर वापरून मऊ झालेलं कापड बाळाला हवं असतं. डेनिमचे शौकीन जे हौसेनं करतात, ते आपली गोधडी पिढ्यानपिढ्या गरजेनं आणि मायेनं करत आली आहे.

दुसरं उदाहरण वस्तू फिरवण्याचं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ मध्ये विनायक रानडे यांच्या पुढाकारानं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. मराठी पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटागटांत फिरतात. पुढे त्या परदेशातल्या मराठी कुटुंबांतही पोचल्या. माझ्या दृष्टीनं फरक एवढाच की, पुस्तक शंभर हातांतून गेलं तरी मजकूर तोच राहावा अशी आपली अपेक्षा असते. पँट मात्र प्रत्येकाकडे बदलावी म्हणूनच पाठवतात.

इकडची जीन्स

आपल्या गावात जीन्स कशी आली, हाही इतिहासच आहे. अहमदाबादच्या अरविंद मिलनं १९८० च्या दशकात डेनिम सुरू केलं. तयार जीन्स खेड्यातल्या पोराला परवडणारी नव्हती. मग १९९५ मध्ये ‘रफ अँड टफ’ नावाचा संच बाजारात आला. कापड, झिप, रिव्हेट, लेबल सगळं एका पुड्यात, आणि शिवायची गावच्या टेलरनं. ज्याच्या मशीनवर तोवर पायजमे आणि शाळेच्या चड्ड्या शिवल्या जात, त्यानं जाड सुई घालून जीन्स शिवली. त्याच दशकात आपल्या वऱ्हाडात, यवतमाळला, रेमंडचा डेनिमचा कारखाना उभा राहिला. ज्या मातीतली रुई दीडशे वर्षं बाहेर गेली, तिथेच डेनिम विणलं जाऊ लागलं.

पण कापूस पिकवणाऱ्याचं काय? १९७२ पासून राज्यात एकाधिकार खरेदी आली, पुढे ती गेली. २००२ मध्ये बीटी बियाणं आलं. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं. त्या सहांत बुलढाणा होता. आज आपल्याकडचे पुष्कळ शेतकरी सोयाबीनकडे वळले आहेत. ज्यांच्याकडे पऱ्हाटी आहे, तिथे दिवाळीच्या आगेमागे बाया कमरेला ओटी बांधून वेचणी करतात. मजुरी किलोवर. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना ओरखडतात. झिजणं हीच जर खूण असेल, तर कापडाची पहिली खूण पँटच्या गुडघ्यावर उमटत नाही. ती वेचणाऱ्या बाईच्या बोटांवर उमटते, आणि ती कापडात दिसत नाही.

एक की अनेक

शेवटी पुन्हा नैयायिकांकडे. त्यांच्यात एक जुना वाद आहे. निळ्या आणि पिवळ्या धाग्यांनी विणलेल्या पटाचा रंग कोणता? रंग हा द्रव्याला पूर्ण व्यापतो असं मानलं तर एका पटात दोन रंग कसे? म्हणून त्यांनी ‘चित्ररूप’ नावाचा एक वेगळाच रंग मानला. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात शुक्ल, नील, पीत वगैरे सात रंगांत ‘चित्र’ हा सातवा आहे. रघुनाथ शिरोमणीसारख्या नव्यांनी ते नाकारलं. ते म्हणाले, कापडाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे रंग आहेत, एवढं पुरे.

फिरून आलेल्या त्या पँटकडे बघताना मला हा वाद आठवतो. दहा माणसांनी झिजवली, तर तिचा रंग एक की दहा? जुने म्हणतील, आता ती एकच गोष्ट झाली आहे, सगळ्यांची मिळून. नवे म्हणतील, नाही, हा गुडघा त्याचा आणि हा खिसा हिचा. मी नव्यांच्या बाजूचा आहे. ‘सगळ्यांचं मिळून’ म्हटलं की ज्याचा आवाज लहान, त्याचं नाव आधी जातं. खामगावच्या प्रेसमध्ये नेमकं तेच झालं.

परदेशी पार्सल पाठवताना कस्टमचा फॉर्म भरावा लागतो. आत काय आहे, वजन किती, किंमत किती. व्यापारी माल असेल तर मूळ देश कोणता, असाही रकाना असतो. आता शब्द डोंगरीचा किंवा नीमचा, रिव्हेट अमेरिकेची, कापड जपानचं, कापूस तिसऱ्याच कुठल्या शेतातला, झिजणं दहा गावांचं. त्या रकान्यात एकच शब्द मावतो.

तुमच्यापैकी कुणी तरुण या छंदात असेल, आणि अशी पँट फिरत फिरत कधी बुलढाण्याला आली, तर माझी एक सूचना आहे. लोणारच्या सरोवराचा फोटो काढा, सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी जा, शेगावला प्रसाद घ्या. जगाला दाखवायला आपल्याकडे पुष्कळ आहे. पण एक दिवस ती पँट घालून वेचणीला जा. वेचणाऱ्या बाईनं परवानगी दिली, तर तिचं नाव, गाव आणि त्या दिवसाचा किलोचा दर चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी पार्सलमध्ये ठेवा. पुढच्या माणसाला हे कापड आधी कुणी हाताळलं असतं, याचा एक तरी पत्ता मिळेल.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.